पहिला दाणा मुंगीला

एक होती बाभूळ. बाभळीला होतं घरटं. वाऱ्यावर डुलायचं. झुलू झुलू, झुलू झुलू!

घरट्यात राहायचे सुगरणबाबा. पिवळं डोकं, विणण्यात पटाईत. आणि कालपासून राहत होती राळू. राळू होती मुनिया. इवलीशी, लाल चोचीची. तिला घर नव्हतं, आई-बाबा नव्हते. सुगरणबाबा म्हणाले, "चल माझ्या घरी. माझी लेक हो." झाली की राळू लेक!

सकाळी बाबा म्हणाले, "राळू, आपल्या घरची एक रीत आहे. पहिला दाणा मुंगीला, मग आपल्या पोटाला. पणजोबा असंच करायचे. आजोबा असंच करायचे. मीही असंच करतो."

"आणि हे इथं टांगलेलं काय, बाबा?"

"हे पणजोबांचं घुंगरू. घरात नवं बाळ आलं, की ते बाळ वाजवतं. आज संध्याकाळी तू वाजवायचं हं!"

बाबांनी राळूला तीन दाणे दिले. मग गेले गवत आणायला. भुर्रर्र!

राळूला कुठला धीर! संध्याकाळ केवढी लांब! "हळूच वाजवते. एकदाच." छुन! "आता आणखी एकदाच." छुन छुन!

आणि टप्! घुंगरू पडलं खाली. बोरीच्या काट्यांत जाऊन बसलं.

राळूला रडूच आलं. "घुंगरू नाही, तर मी बाबांची लेक कशी होणार?"

तिनं तीन दाणे पंखाखाली धरले. दुसऱ्या पंखानं फडफड फडफड करत खाली उतरली. बोरीकडे गेली. टुण टुण टुण!

"बोरीबाई, बोरीबाई, उघड ना! घुंगरू मिळेना!"

"तू कुणाची गं?"

"मी? मी नवीन!"

"मग जा बाई! शेळी माझा पाला खाईना, तर मी उघडेना."

राळू गेली शेळीकडे. टुण टुण टुण!

"शेळीताई, शेळीताई, पाला खा ना! बोरी उघडेना, घुंगरू मिळेना!"

"तू कुणाची गं?"

"मी? मी नवीन!"

"मग जा बाई! दावं सुटेना, तर मी खाईना."

शेळीच्या गळ्यात होतं दावं. राळू गेली दाव्याकडे. टुण टुण टुण!

"दाव्या, दाव्या, सूट ना! शेळी खाईना, बोरी उघडेना, घुंगरू मिळेना!"

"तू कुणाची गं?"

"मी? मी नवीन!"

"मग जा बाई! खुंटा निघेना, तर मी सुटेना."

राळू गेली खुंट्याकडे. टुण टुण टुण!

"खुंट्या, खुंट्या, निघ ना! दावं सुटेना, शेळी खाईना, बोरी उघडेना, घुंगरू मिळेना!"

"तू कुणाची गं?"

"मी? मी नवीन!"

"मग जा बाई! माती हलेना, तर मी निघेना."

राळू वाकली मातीकडे.

"मातीमाई, मातीमाई, हल ना! खुंटा निघेना, दावं सुटेना, शेळी खाईना, बोरी उघडेना, घुंगरू मिळेना!"

"तू कुणाची गं?"

"मी? मी नवीन!"

"मग जा बाई! मला कुणी उकरेना, तर मी हलेना."

राळूनं उकरून पाहिलं. टक! चोचच दुखली.

आता काय करायचं? राळू बसली खाली. तिच्या पोटात कावळे ओरडायला लागले. एवढ्याशा मुनियाच्या पोटात कावळे! कसे मावले कुणास ठाऊक.

तिनं पंखाखालचे दाणे काढले. एक, दोन, तीन. खूप भूक लागली होती. तरी पहिला दाणा तिनं बाजूला ठेवला. "पहिला दाणा मुंगीला!"

तुरुतुरु मुंगी आली. दाण्याभोवती फिरली. "अगं, तू तर सुगरणबाबांची लेक!"

राळूचे डोळे मोठ्ठे झाले. "तुला कसं कळलं?"

"ही रीत त्यांच्याच घरची! माझ्या पणजीला त्यांच्या पणजोबांनी दिला होता दाणा. बोल बाळ, काय हवं?"

"माती हलेना, खुंटा निघेना, दावं सुटेना, शेळी खाईना, बोरी उघडेना, घुंगरू मिळेना!"

"एवढंच ना? चला गं चला!"

शंभर मुंग्या आल्या. तुरुतुरु तुरुतुरु! मुंग्यांनी माती उकरली. माती हलली. खुंटा निघाला. दावं सुटलं. शेळी पळत सुटली. तिनं पाला खाल्ला, चरचर चरचर! आणि बोरी उघडली.

बोरी म्हणाली, "तू कुणाची गं?"

"मी? मी सुगरणबाबांची!"

"मग घे बाई!"

टप्! घुंगरू राळूसमोर!

तेवढ्यात बाबा आले. भुर्रर्र! राळूनं त्यांना सगळं खरं खरं सांगितलं. मग हळूच विचारलं, "बाबा, घुंगरू मिळालंच नसतं, तर?"

"तर काय? तू माझी ती माझीच. घुंगरू वाजवायचं ते नुसतं सगळ्यांना सांगायला!"

"सगळ्यांना? मग जोरात वाजवते!"

छुन छुन छुन छुन!

मुंगीनं ऐकलं. मातीनं ऐकलं. खुंट्यानं ऐकलं. दाव्यानं ऐकलं. शेळीनं ऐकलं, पाला चघळत चघळत. बोरीनं ऐकलं.

आणि आत्ता आपणही ऐकलं. राळू कुणाची?

बाबांची!