सहा बोटांचा पंजा

एका राज्यात, जिथे पोपट न्यायासनावर बसत आणि माणसं फांद्यांवर चढून निवाडा ऐकत, राजपुत्र रणधवल एका जादूगाराला हसला. म्हणाला, दाढी बोकडासारखी आहे. दाढी होतीच तशी; पण खरं झालं तरी चारचौघांत बोलू नये. जादूगारानं चिमूटभर भस्म फुंकलं. राजपुत्राचं अस्वल झालं आणि ते रानात शिरलं.

उःशाप असा : अस्वलाकडे न बघता, नुसत्या मागावरून त्याचं खरं माप सांगावं, की राजपुत्र पुन्हा माणूस होईल. संधी तीन. पहिली चुकली तर राजपुत्र आपलं नाव विसरेल, दुसरी चुकली तर आपली माणसं, तिसरी चुकली तर आपण माणूस होतो हेच. पंच म्हणून एक टिटवी नेमली.

पहिली संधी सेनापतींनी घेतली. चिखलातला हातभर ठसा पाहिला आणि त्यांच्या मिशा खाली आल्या. म्हणाले, "हत्तीएवढं आहे."

"चूक," टिटवी म्हणाली.

राजपुत्राची थोरली बहीण इंदुलेखा ठशाशी वाकली. "सेनापती, अस्वलाचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडतो. आपण दोन पायांचा एक केलात."

"राजकन्ये, घाबरलेला माणूस दोनाचे चार करतो. मी तर एकच केला."

मग ती एकटीच निघाली; पंच टिटवी तेवढी डोक्यावरून उडत होती. शिकाऱ्यांचा आडाखा तिला ठाऊक होता : पुढचा पंजा जितकी बोटं रुंद, तितक्या विती अंग लांब. नदीच्या उतारावर तिला सुटा पुढचा पंजा सापडला. बोटं लावली, दहा भरली.

"दहा विती."

"चूक."

तेव्हा तिला दिसलं, ओल्या उतारावर पंजा घसरून ठसा फाकला होता. घाईनं घात केला. आता भावानं तिला ओळखलं नसतं. समोर आली असती तर फाडली असती.

पुढे वणव्यानं जळालेलं माळरान लागलं. राख पिठासारखी मऊ, पण तिच्यावर एकही ठसा नाही. इंदुलेखा मोठा वळसा घालून पुन्हा आपल्याच पावलांपाशी आली. तिच्या टाचांच्या ठशांवर पंजे उमटले होते. अस्वल तिच्याच मागावर होतं.

तेवढ्यात मानेवर ऊन श्वास आला. मोहाच्या फुलांचा वास.

वळून बघायचं नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली. टाचेवरचा ठसा सोडला, मागच्या पायानं झाकलेला सोडला. एक पुढचा पंजा सुटा होता. नखं सरळ, कडेला राख सरकलेली नाही. बोटं लावली, मग घाई न करता पुन्हा लावली. खांद्यावर जड पंजा पडला. नखं कापडातून आत रुतली.

"सहा विती," ती म्हणाली.

टिटवीनं हा पाय उचलला, तो ठेवला. घाई तिला कसली?

"बरोबर."

खांद्यावरची नखं आखडली. तिथे हात होता.

"ताईसाहेब, मला हत्तीएवढा कोण म्हणालं?"

"सेनापती. मी दहाच विती म्हणाले."

"तेही जास्तच होतं."

इंदुलेखा हसायला गेली आणि रडली. रणधवल गादीवर बसला आणि दाढ्यांविषयी जन्मभर मौन पाळलं. त्या राज्यात आजही कोणी अस्वल पाहिल्याच्या बाता मारू लागला, की न्यायासनावरचा पोपट एवढंच विचारतो, "पुढचा पंजा किती बोटं?" निम्मी अस्वलं तिथेच मरतात.