बाळंतिणीचं लाल

फार वर्षांपूर्वी पांगरखेड्यात साळू नावाची सुईण होती. तिच्याविषयी लोक इतकं काही म्हणतात, की त्यातलं निम्मं खोटं आहे. कुठलं खोटं ते मी सांगणारच आहे. पण आधीच बजावते, ही गोष्ट मला थंड डोक्याने सांगता येत नाही.

गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, काळ्या द्राक्षांचा मळा होता. तो आजही आहे, आणि साळूच्या वेळीसुद्धा तो जुनाच होता. तिच्या सासूच्या आजेसासूने एका जखमी हबशी शिपायाला घरात ठेवून बरं केलं, आणि जाताना त्याने पटक्यात जपलेली वेलाची काडी तिच्या हातावर ठेवली, असं म्हणतात. त्या द्राक्षांना अजून हबशीच म्हणतात. जाड सालीची, तुरट, नुसती खायला कुणी हात लावणार नाही अशी. वेल पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेले, आणि त्यांची खोडं माणसाच्या मांडीएवढी झालेली.

साळू त्या द्राक्षांचं आसव करायची. द्राक्षं तुडवायची, आंबण्यासाठी त्यात धायटीची फुलं घालायची, रांजणाचं तोंड मातीने लिंपायची आणि रांजण भुशात पुरून ठेवायची. उघडलं की रंग असा यायचा, की गावाने त्याला दुसरं नावच दिलं नाही. लाल म्हणजे लाल. ते होतं बाळंतिणीचं. ज्या घरी बाई मोकळी झाली त्या घरी साळू वाटी घेऊन हजर, मग ते घर पाटलाचं असो की गावकुसाबाहेरचं. रक्त गेलेल्या बाईच्या ओठांवर ते लाल लावलं की तिच्या गालांवर रंग चढताना दिसायचा, असं म्हणतात. साळू स्वतः जिभेने तिखट होती. बाळंतिणीच्या नवऱ्यांना ती दारातच झापायची, पण लाल देताना तिने कुणाला कधी ताटकळत ठेवलं नाही.

गावात जहागीरदाराची गढी होती. त्या जहागीरदाराचं नाव आम्ही घेत नाही, तुम्हीही विचारू नका. त्याच्या घरी नातवंड झालं तेव्हा सुनेसाठी आलेल्या लालातली वाटीभर त्याने स्वतःच पिऊन पाहिली. झालं. दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या आणि मळ्यातले सगळे रांजण गढीवर गेले.

त्याच महिन्यात मैना बाळंत झाली. मैना म्हणजे कोंडा कुंभाराची बायको, आणि लालाचे रांजण घडायचे ते या कोंडाच्याच चाकावर. मुलगी झाली, पण मैनेचं रक्त थांबेना. साळू गढीवर धावत गेली, एक वाटी लाल मागायला. तिला दरवाजाबाहेर उभं केलं. आत पाहुणे आले होते. जहागीरदाराने थाट दाखवायला त्या लालाने पाहुण्यांच्या घोड्यांचे खूर धुतले, असं म्हणतात. इतर गोष्टींवर विश्वास ठेवा न ठेवा, यावर ठेवा, कारण आमच्या गावात हे सांगताना अजून म्हाताऱ्यांचा आवाज फाटतो. साळू सकाळपासून दिवस कलेपर्यंत उभी राहिली. रिकामी वाटी घेऊन ती परत आली, तेव्हा मैना गेलेली होती.

पुढच्या फाल्गुनात साळूने द्राक्षं उतरवली आणि रांजण भरले. पण एकही मळ्यात ठेवला नाही. ज्या ज्या घरात बाई पोटुशी होती, त्या त्या घरात एकेक रांजण गेला. एक तिने कोंडाच्या घरी ठेवला. कोंडा म्हणाला, "माज्या घरात आता कुनाला द्यायचं?" साळू म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मैनीच्या वाट्याचं हाय."

गढीच्या गाड्या आल्या आणि रिकाम्या परतल्या. मग जहागीरदार स्वतः आला, चैत्राच्या उन्हात, घोड्यावर बसून. सगळ्या गावाला गोळा केलं आणि साळूला पुढे बोलावलं. मळा नोकरांकडून तोडवला असता तर ती निदान घरात बसून रडली असती. पण त्याला ते पुरेसं वाटलं नाही.

तो म्हणाला, "हा मळा खरडून काढ. तुझ्या हातानं. चार दिवसांनी येईन, तेव्हा मला एक पान दिसता कामा नये."

साळू खाली मान घालून म्हणाली, "खरडते, सरकार."

आता ज्यांनी मळा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे दर चैत्रात वेलांची खरड छाटणी होते. काडीवर नव्या फुटीसाठी एखाददुसरा डोळा राखायचा आणि बाकी सगळं उतरवायचं, पान म्हणून शिल्लक ठेवायचं नाही. परक्या माणसाला वाटेल वेल मेला. जहागीरदाराने द्राक्षं खाल्ली होती, लाल प्यायलं होतं, पण चैत्रात मळ्यात पाऊल कधी टाकलं नव्हतं. गावातल्या सगळ्या बाया कोयते घेऊन आल्या आणि त्यांनी मळा खरडला. वर मयताला रडतात तसा गळा काढून रडल्या, गढीपर्यंत ऐकू जावं म्हणून. छाटलेल्या वेलातून पाणी गळतंच, पण त्या वर्षी ते लाल गळलं आणि घोड्याने त्यात खूर टाकायला नकार दिला, असं म्हणतात. जहागीरदाराने लांबूनच बोडके बुंधे पाहिले, मिशीला पीळ दिला आणि परत गेला.

वैशाखात मळा फुटला. असा फुटला, की गढीच्या सज्ज्यातून हिरवा दिसायला लागला.

साळूला पकडून गढीच्या चौकात उभं केलं. जहागीरदार ओरडला, "तुला खरडायला सांगितलं होतं."

"खरडलं की, सरकार," साळू म्हणाली. "आमी दरसाल खरडतो. खरडल्याबिगर येल फुटंल कसा?"

चौकातले शिपाई हसले. कुणीतरी आधी हसलं, मग सगळेच. त्या हसण्याची शिक्षा साळूला मिळाली. तिला गढीच्या तळघरात टाकलं, जिथे भिंतींना बारमाही ओल असते. बाईने मळा राखला म्हणून बाईला जमिनीत गाडलं, आणि गाव बघत राहिलं. हेही सांगायला हवं. गाव बघत राहिलं.

श्रावणात गढीची सून पुन्हा बाळंत व्हायला टेकली. मूल आडवं आलं होतं. पंचक्रोशीतली एकही सुईण गढीची पायरी चढायला तयार होईना. शेवटी तळघराचं दार उघडावं लागलं. साळू खोकत वर आली, हात धुतले, आणि मुलाला सुखरूप बाहेर काढलं. मग सुनेचं रक्त जायला लागलं. मैनेचं गेलं होतं तसंच. गढीत लालाचा थेंब नव्हता, सगळं कधीच पिऊन संपलं होतं.

साळूने कोंडाकडे निरोप धाडला. आणि कोंडा आला. मैनेच्या वाट्याचा रांजण डोक्यावर घेऊन, ज्या दरवाजाबाहेर साळूला तिष्ठत ठेवलं होतं त्याच दरवाजातून. जहागीरदार रांजण घ्यायला दोन्ही हात पसरून पुढे झाला.

साळू म्हणाली, "हात लावू नगा. हे तुमचं न्हाई, बाळंतिनीचं हाय. तुमी भाईर थांबा. मी थांबले हुते तितकं."

आणि तो थांबला. आपल्याच गढीच्या दरवाजाबाहेर, सगळ्या गावासमोर. त्या दिवशी सूर्य डोंगरावर अडकून बसला आणि दिवस कलता कलेना, असं म्हणतात. आत सून वाचली.

आता खोटं काय ते ऐका. लोक म्हणतात, साळूने जहागीरदाराला माफ केलं. कुठे केलं? तिने एका पोरीला वाचवलं, त्याला नव्हे. आणि दुसरं. लोक म्हणतात, साळू मळ्यात गेली आणि वेल झाली. सगळ्यात जुन्या वेलाचं खोड दाखवतात, वाकलेल्या पाठीसारखं. किती सोयीचं आहे बघा. साळू वेलबिल झाली नाही. तळघरातली ओल तिच्या छातीत बसली होती आणि त्याच वर्षीच्या थंडीत ती खोकून खोकून मेली. गढीने तिला मारली. बाई वेल झाली म्हटलं की मारणाऱ्याचं नाव घ्यावं लागत नाही.

गढी पुढे ढासळली. मळा या हातातून त्या हातात गेला. आता तो शहरातल्या कुणा साहेबांचा आहे, आणि त्या जुन्या वेलांची लाल वाईन बाटलीतून लांब लांब जाते. बाटलीवर चित्र आहे मिशीवाल्या जहागीरदाराचं. ती बाटली पाहिली की माझं डोकं भणभणतं.

पण पांगरखेड्यात अजून बाई बाळंत झाली की घरचं माणूस मळ्यावर जातं आणि रांजणातलं वाटीभर लाल घेऊन येतं. बाळंतिणीच्या ओठांना ते लावतात, साळूचं आणि मैनेचं नाव घेतात, आणि मगच बाळाला अंगावर घेतात. मालक कितीही बदलले तरी हे कुणाला मोडता आलेलं नाही.

गेल्या वर्षी माझी भाची बाळंतपणाला आली होती. तिचा नवरा शहरातला, चांगल्या वळणाचा मुलगा. वाटी घेऊन मळ्याच्या फाटकाशी गेला आणि पहारेकऱ्याला हात जोडून म्हणाला, "दादा, थोडं मिळेल का?"

मागून आमची अनुसया मावशी येत होती. तिने त्याचे जोडलेले हात धरून खाली केले.

"मागतो काय?" ती म्हणाली. "आत जा अन् भरून आन."

पहारेकऱ्याने फाटक उघडलं.