चांद्याची डोणी

गावोगाव लोहारांचे भाते हाताने ओढले जायचे, तेव्हाची गोष्ट. गेनू लोहाराच्या भट्टीत पाण्याची दगडी डोणी पार दाराशी असायची, कारण त्याचा बैल चांद्या तिथे पाणी प्यायचा. चांद्या म्हातारपणाने गेला. डोणी मात्र रोज संध्याकाळी त्याच्या घुंगरांची वाट बघत तिथेच बसून राहिली.

"बाई, जरा ऐरणीजवळ सरक की," सांडशी कुरकुरायची. "तापलेला विळा तुझ्यापर्यंत आणेस्तोवर निम्मा गार होतो. धार कच्ची राहते."

"ही चांद्याची जागा आहे," डोणी म्हणायची, आणि गेनूने हलवायला हात लावला की अंग जड करून बसायची.

सुगीत एक विळा परत आला. कापणीच्या पहिल्याच पातीला त्याची धार मुडपली होती.

"मला पाणी मिळालं, डोणीआजी, पण उशिरा," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गेनूने डोणीला ऐरणीकडे ढकललं, तेव्हा तिने अंग सैल सोडलं. तोच विळा पुन्हा तापला आणि ऐरणीवरून थेट तिच्यात शिरला. चर्र झालं, पाणी उसळून काठावरून सांडलं.

डोणीला भरून आलं. चांद्यासुद्धा असाच घाईघाईने प्यायचा.