खालची पट्टी वर

बोरखडी गावात गेनू नावाचा एक भोळा शिपाई होता. गावच्या वाचनालयात झाडलोट करायचा, वर्तमानपत्रं लावायचा. कुणी "जरा थांब" म्हटलं की गेनू थांबायचा. "आता जा" म्हणेपर्यंत थांबायचा. म्हणणारा विसरून घरी जाऊन जेवला, तरी गेनू थांबलेलाच.

एकदा वाचनालयात कॉम्प्युटर आला. तो बघायला तालुक्याहून निरीक्षक साहेब येणार होते.

"साहेब खूश झाले तर तुमची नोकरी पक्की होईल, गेनूभाऊ," ग्रंथपाल सिंधूबाई म्हणाल्या. "मी सांगेन तेवढंच करा."

गेनूनं मान डोलावली. आजवरही तो तेवढंच करत आला होता.

अध्यक्ष दौलतकाकांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर स्वतःचा फेट्यातला फोटो लावून घेतला होता. वर हौसेनं पडद्यासमोर गणपतीची मूर्ती आणून ठेवली. तिच्यामागं पडद्याची खालची पट्टी झाकली गेली. टास्कबार म्हणतात तिला. त्यावर बारीक बारीक चित्रं असतात, त्यांवर टिचकी मारली की कामं उघडतात.

"मूर्ती हलणार नाही," काका म्हणाले. "पट्टी हलवा."

सिंधूबाईंना हार आणायला जायचं होतं. जाता जाता त्या म्हणाल्या, "गेनूभाऊ, तेवढी खालची पट्टी वर घ्या हो."

गेनूनं नीट विचार केला. मग दोन्ही हातांनी पडदा उचलला आणि उलटा करून ठेवला. पट्टी वर आली. काका डोक्यावर उभे राहिले. पण काकांबद्दल बाई काही बोलल्या नव्हत्या.

बाई परत आल्या आणि कपाळाला हात लावून खाली बसल्या.

"अहो, असं नसतं! पडदा उचलायचा नाही. माऊसनं पट्टी दाबून धरायची, ओढत हव्या त्या जागी न्यायची आणि सोडून द्यायची. धरा, ओढा, सोडा." बाईंनी पडदा सरळ केला आणि तसंच करून पट्टी वर नेऊन दाखवली.

"हे आधी सांगायचं ना, बाई," गेनू म्हणाला.

इतक्यात काका आले आणि दाराजवळच्या बाकावर टेकले. बाई आतून म्हणाल्या, "गेनूभाऊ, काकांना तिथं कशाला बसवता? पुढच्या खुर्चीवर घ्या."

गेनूनं काकांना दाबून धरलं. ओढत नेलं. सोडून दिलं. खुर्चीच्या जरा अलीकडेच सोडलं.

काका जमिनीवरूनच ओरडले, "अरे, माणूस आहे मी!"

"माणसाला हात नाही लावायचा, गेनूभाऊ," बाई काकांचा फेटा झटकत म्हणाल्या. "नुसतं या, बसा म्हणायचं."

काका खुर्चीत बसले आणि पडद्याकडे बघून पुन्हा खवळले. वर आलेल्या पट्टीनं त्यांच्या फोटोतला तुरा झाकला होता.

"तुरा दिसलाच पाहिजे!"

बाईंनी पट्टी लपवून टाकली. "हे बघा, गेनूभाऊ. काम नसेल तेव्हा ती गुपचूप दडून बसते. कुणी अगदी जवळ आलं की टुणकन बाहेर येते. किती छान दिसतं, नाही?"

गेनूला ते फार आवडलं. शिपायानं असंच असावं, त्याला वाटलं.

थोड्या वेळानं साहेबांची चाहूल लागली. गेनूला काही काम नव्हतं. तो टेबलाखाली दडून बसला. साहेब आले, अगदी जवळ आले, गणपतीला नमस्कार करायला वाकले. गेनू टुणकन बाहेर आला.

"या, बसा!"

साहेब बसले. खाली खुर्ची नव्हती, तरी बसले.

मग त्यांना उठवलं, पाणी दिलं, चहा दिला. साहेबांचा श्वास जागेवर आला. बाई कॉम्प्युटर दाखवू लागल्या. काकांना राहवेना. त्यांनी माऊस हातात घेतला आणि पट्टी सरकून भलत्याच कडेला गेली. बाईंनी ती पुन्हा जागेवर आणली आणि हळूच गेनूला म्हणाल्या, "आता हिला कुलूप लावते. सगळं जागच्या जागी बसलं ना, की लगेच कुलूप लावून टाकायचं. मग कुणाला हलवता येत नाही."

गेनूनं सभोवार पाहिलं. साहेब खुर्चीत होते. काका खुर्चीत होते. बाई कॉम्प्युटरपाशी होत्या. सगळं जागच्या जागी बसलं होतं. त्याला भरून आलं. तो पाय न वाजवता बाहेर गेला आणि दाराला कुलूप लावलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, उठले, दार ओढलं. दार हलेना. खिडकीला गज होते. गजांपलीकडे गेनू हसऱ्या चेहऱ्यानं उभा होता.

"अरे, शेवटची एसटी जाईल माझी!" साहेब कडाडले. "किल्ली दे इकडे! आधी किल्ली दे!"

साहेबांचा हुकूम. गेनूनं गजांमधून किल्ली आत दिली. साहेबांनी किल्ली हातात घेऊन दार पाहिलं. आतून कुठंही भोक नव्हतं.

"अहो गेनूभाऊ, आता इकडे लक्ष द्या," बाई काकुळतीला आल्या.

पण साहेब मधेच ओरडले, "त्या गाडीला मरणाची गर्दी असते! मला जागा मिळायची नाही!"

"एवढंच ना, साहेब?" म्हणत गेनू धावत सुटला.

एसटी वेळेवर सुटली. खचाखच भरली होती. लोकांनी गेनूला शिव्या दिल्या, कंडक्टरनं दटावलं, पण गेनू बधला नाही. गाडी तालुक्याला पोचेपर्यंत त्यानं शेजारच्या सीटवर रुमाल टाकून साहेबांची जागा धरून ठेवली होती.