बोटभर लांब स्क्रू

गडहिंग्लजच्या एका बालवाडीत लाकडी पट्ट्यांना खालून सिमेंट शीटचं छत बसवायचं होतं. ते काम घेतलेल्या हौसाक्का सुतार यांनी त्यासाठी बोटभर लांब स्क्रू मागवले. संस्थेचे अध्यक्ष बाबासाहेब शिंत्रे पाहणीला आले आणि शिक्षिकांसमोरच कडाडले, "शीट करंगळीएवढी जाड आणि स्क्रू एवढे लांब? आखूड लावा, नाहीतर मी दुसरा मिस्त्री बघतो!"

हौसाक्कांना काम हवं होतं, पण त्या छताखाली चिमुरडी बसणार होती.

"साहेब, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या कोटाचं बटण किती पातळ आहे! शिंप्यानं दोरा नुसता बटणातूनच ओवला का?"

"छे! कापडातही घातलाय. नाहीतर बटण टिकेल कसं?"

"तसंच आहे बघा. शीट म्हणजे बटण आणि वरची लाकडी पट्टी म्हणजे कापड. स्क्रू पट्टीत खोल गेला नाही, तर हे बटण पोरांच्या डोक्यात पडायचं."

शिक्षिकांनी तोंडाला पदर लावले. बाबासाहेबांनी कोटाचं बटण चाचपलं आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले.

"लांबच लावा, हौसाक्का!" म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या आणि शीटचं दुसरं टोक स्वतः उचलून धरलं.