आभाळातून लोखंड बघणारी मंदाबाई

तुमच्या आजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. कोसमटोला गावाच्या आभाळात एक लहानसं विमान आलं आणि सरळ रेषेत इकडून तिकडे फिरू लागलं. त्याच्या खाली लांब दोर लोंबत होता आणि दोराला भोपळ्याएवढं यंत्र. जमिनीच्या पोटातलं लोखंड ते वरूनच ओळखायचं आणि विमानातल्या कागदावर रेघ काढायचं. त्या रेघेपाशी बसली होती मंदाकिनी ठोंबरे. हे काम करणारी तेव्हा ती एकटीच बाई होती, असं म्हणतात.

गावावरून जाताना रेघ उंच चढली, म्हणजे खाली लोखंड. खाणवाल्यांनी ठरवलं, गाव उठवायचं.

मंदाबाई नकाशा घेऊन गावात आली, तेव्हा म्हातारे दसरू मडावी मोहाच्या झाडाखाली बसले होते. ते म्हणाले, "बाई, तुमच्या कागदानं आमचं गाव उठते म्हणतात. खात्री आहे का तुम्हाले?"

बाईने नकाशा त्यांच्यापुढे पसरला. मग म्हणाली, "नाही, बाबा. डोंगर आडवा येतो म्हणून आम्ही उंचावरून उडालो. उंचावरून रेघ पसरट येते. लोखंड गावाखाली असेल, नाहीतर पलीकडच्या माळाखाली."

"मंग खालून उडून पाहा ना."

खाणीचे साहेब नको म्हणाले. वैमानिक म्हणाला, दरीतला वारा विमान आपटेल. "मी बसते ना सोबत," बाई म्हणाली.

अकरा दिवस ती दोघं उडाली, इतक्या खालून की मोहाची पानं हलायची. बाराव्या दिवशी दाट धुकं आलं. डोंगर दिसेना. असं म्हणतात, बाईने रेघेवर बोट ठेवलं आणि खालच्या लोखंडावरून वाट ओळखत, "डावीकडे घ्या, आता वर," असं सांगत विमान सुखरूप बाहेर काढलं.

लोखंड माळाखाली निघालं. तिथे कुणी पेरत नव्हतं, कुणी राहत नव्हतं. पहिल्या नकाशावर बाईने स्वतःच 'चूक' असं लिहून सही केली. खाण माळावर गेली, गाव जागच्या जागी राहिलं.

पुढे तीस वर्षं बाई देशभर उडाली. शेवटी शेवटी खिडकीला कपाळ टेकवलं तरी तिला खालचं लोखंड कळायचं, असं म्हणतात.

खाणीच्या कडेला एक काळा खडक तसाच ठेवलाय. दर मार्गशीर्षात मंदाबाईच्या नावाने सगळी शाळा तिथे जाते. खडकावर होकायंत्र ठेवलं की सुई उत्तर सोडून वळते. लहान पोरं म्हणतात, बाईने हाक मारली. मोठ्या मुली मात्र सुई किती वळली ते वहीत टिपून घेतात. पूर्वी अशीच टिपणं घेणाऱ्या दोघी आज मंदाबाईसारख्या विमानात रेघेपाशी बसतात.