जावांची टोपली

खैरोंडीच्या देवराईत शिरलं की पायाखाली नेचे, रानहळद आणि इवल्या इवल्या झुडपांची दाटी लागते. पण वाघजाईच्या देवळापुढे, जुन्या सातविणीच्या झाडाखाली, जमीन उघडी आहे. आलेगेले त्याचं कारण विचारतात, तेव्हा म्हातारे धाकू गुरव पायरीवर टेकून ही हकिगत सांगतात.

फार पूर्वी गुरवांच्या घरात दोन जावा होत्या म्हणे. थोरली गोदाई, धाकटी मैना. देवीची दिवाबत्ती थोरलीकडे, घरातला मानही तिचाच. पण मैनेला राईतला औषधी पाला कळायचा. कुणाला ताप भरला की माणसं गोदाईला ओलांडून मैनेला हाका मारत. गोदाईच्या डोळ्यांत ते सलायचं. मनातल्या मनात ती जळून जायची.

मग तिने खराटा हाती घेतला. देवीचं अंगण झाडायच्या नावाखाली ती सातविणीखालून दरवर्षी थोडी थोडी पुढे सरकत गेली. गोळा झालेला पाचोळा शेतात राब भाजायला, म्हणजे पेरणीआधी रोपांची जमीन जाळून घ्यायला, नेई. पाचोळ्याबरोबर बी गेलं, कोंब मोडले. गावाने मात्र तिच्या सेवेचं कौतुकच केलं. मोठी झाडं होती तशी उभी होती, त्यामुळे खालचं काय आटत चाललंय ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मैना रिकाम्या हाताने परतू लागली, तेव्हा कुठे गोदाईला अन्न गोड लागलं, असं सांगतात.

एका पावसाळ्यात गोदाईच्याच लेकीला ताप भरला. गोदाईने सगळा ताठा गिळून मैनेचे पाय धरले. मैनेने भर पावसात राई पालथी घातली, पण तापावरच्या किराईताची एक काडी मिळाली नाही.

"जाऊबाई, ते सातविणीखालीच व्हायचं," एवढंच ती म्हणाली. पोर गेली.

त्यानंतर गोदाई डोंगरातून पाचोळा आणून सातविणीखाली ओतू लागली. एकदा मैनेने टोपलीची दुसरी कड धरली. तेही गोदाईला खुपलं.

"सोड. ओझं माझं आहे."

"पोरीला मीही खेळवलंय," मैना म्हणाली आणि तिने कड सोडली नाही.

हळूहळू कडेने नेचे परतले. रानहळद आली ती त्यांच्या नातसुनांच्या काळात. किराईत काही आलं नाही.

आजही राब भाजायच्या आधी घरोघरच्या जावा पाचोळ्याची एकच टोपली दोघींनी धरून देवळापुढे आणतात. धाकू गुरवांच्या सुनांचं वर्षभर पटत नाही. वाटेतही त्या धुसफुसतच येतात. पण टोपली ओतून झाली की दोघी सातविणीखाली वाकतात आणि कुठे कोंब दिसतो का, ते बघतात.